फ्लेक्सवरच्या अशोकचक्राचे आरे मोजा

माननीय संपादक,
सप्रेम जय भीम.

१५ ऑगस्टचे फ्लेक्स काही चौकांतून अजून उतरायचे आहेत आणि दीक्षाभूमीच्या सोहळ्याचे फ्लेक्स लागायला सुरुवातही झाली आहे. अशोक विजयादशमी आणि १४ ऑक्टोबर होईपर्यंत नागपुरात अशोकचक्र सगळीकडे छापले जाईल. निळ्या झेंड्यांवर, स्वागत कमानींवर, भोजनदानाच्या मंडपांवर, पुस्तकांच्या स्टॉलच्या पाट्यांवर, टोप्यांवर, बिल्ल्यांवर. म्हणून वेळ हातात आहे तोवर एक विनंती करायची आहे. छापायला हो म्हणण्याआधी चक्राचे आरे मोजा. ते चोवीस हवेत, आणि कोणत्याही दोन आऱ्यांमधले अंतर सारखेच हवे.

मी इंदोऱ्याचा. आधी बोर्ड रंगवायचो, भिंती रंगवायचो, ब्रशवरच घर चालले. फ्लेक्स आला आणि ब्रशचे काम आटत गेले तेव्हा कॉम्प्युटर घेतला, कोरल हे डिझाइनचे सॉफ्टवेअर शिकलो, आणि आता दुकान त्यावरच आहे. चक्र हाताने कसे काढायचे आणि कॉम्प्युटरवर कसे काढायचे, दोन्ही मला येते. दोन्हीकडे ते अवघड नाही, हे मी खात्रीने सांगतो. त्यामुळेच चुकलेले चक्र दिसले की मन खट्टू होते.

यंदा ऑगस्टमध्ये कामठी रोडवर एका भल्या मोठ्या कमानीपाशी रहदारीत अडकलो होतो. कमानीच्या मधोमध चक्र, चारेक फुटांचे. सवयीने मोजले. आरे बावीस निघाले. एकवीस ठिकाणी अंतर सारखे आणि एका ठिकाणी दीडपट फट. काय झाले असेल ते तिथेच लक्षात आले. फाईल बनवणाऱ्याने एका आऱ्याच्या प्रती करताना १५ ऐवजी १६ अंश टाकले. १६ अंशांनी बावीस आरे बसतात, बाविसावा येतो ३३६ अंशांवर, आणि तिथून पहिल्या आऱ्यापर्यंत २४ अंश उरतात. तेविसावा टाकला तर तो पहिल्याच्या अगदी अंगाशी, ८ अंशांवर येतो. म्हणून तो काढून टाकला आणि फट तशीच राहू दिली. एका आकड्याची चूक होती. दुरुस्त करायला चहा होण्याइतकाही वेळ लागला नसता. पण फाईल बनवणाऱ्याने पाहिले नाही, छापणाऱ्याने पाहिले नाही, पैसे देणाऱ्यानेही पाहिले नाही.

असे काही दाखवून दिले की समोरून हमखास एकच उत्तर येते, “लांबून कोणाला दिसते जी, काका?” चार फुटांचे चक्र लांबून दिसावे म्हणूनच तर लावतात. त्याच रस्त्याने शाळेची पोरे जातात, आणि चित्रकलेच्या वहीत चक्र काढायचे म्हटले की डोळ्यांसमोर जे आले तेच काढतात. शिवाय हे चक्र एखाद्या दुकानाच्या लोगोसारखे नाही. संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी राष्ट्रध्वज स्वीकारला. त्या ठरावात, पांढऱ्या पट्ट्याच्या मध्यभागी गडद निळे चक्र असेल आणि त्याची रचना सारनाथच्या अशोकस्तंभाच्या सिंहशीर्षावरील चक्राची असेल, असे लिहिले आहे. झेंड्यासाठी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली जी समिती नेमली होती तिच्यात बाबासाहेबही होते. ज्या गावात त्यांनी १९५६ साली धम्मदीक्षा घेतली आणि दिली, त्याच गावात चक्राचा आरा कमी पडावा, हे मला पटत नाही.

आता चुका होतात कशा, ते सांगतो. धंद्यातल्या माणसाने सांगितले तर कदाचित ऐकले जाईल.

सगळ्यात मोठे कारण म्हणजे चक्र कोणी काढतच नाही. इंटरनेटवरून फोटो उचलतात आणि चिकटवतात. जेपीजी म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी. बोटाएवढा दिसणारा फोटो वीस फुटी कमानीवर ताणला की प्रत्येक ठिपक्याचा चौकोन उघडा पडतो आणि आऱ्यांच्या कडा पायऱ्यांसारख्या दिसू लागतात. तोच फोटो जरा वाकडा आहे म्हणून फिरवला तर आणखी बिघडतो. ९० किंवा १८० अंशांत फिरवला तर ठिपके नुसती जागा बदलतात, नुकसान काही होत नाही. पण ५ अंश, १० अंश फिरवला की ठिपके जुन्या जाळीत बसत नाहीत. मग सॉफ्टवेअर शेजारशेजारच्या ठिपक्यांचे रंग मिसळून नवे ठिपके तयार करते आणि कड भुरकट होते. पुन्हा फिरवला की पुन्हा तेच.

त्यावर उपाय म्हणून आमच्या धंद्यात “ट्रेस मारतात”. म्हणजे फोटोवरून सॉफ्टवेअरलाच रेषा ओळखायला लावायच्या. ट्रेस मारला की फाईल व्हेक्टर, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांची झाली, आता काळजी नाही, असे मुलांना वाटते. जवळ जाऊन बघा. मूळ फोटो भुरकट असेल तर ट्रेसमधला एक आरा जाड निघतो, दुसरा बारीक, तिसऱ्याला मध्येच गाठ, आणि जिथे चार बिंदूंत काम भागते तिथे शेकडो नोड, म्हणजे बिंदू, पडलेले असतात. आधी फोटोत असलेल्या चुकाच आता पक्क्या रेषांत उतरतात, एवढेच होते. मी पाहिलेल्या ट्रेस केलेल्या चक्रांत क्वचितच एखाद्याचे चोवीस आरे सारखे होते.

तिसरी चूक ओढाताणीची. जागा आडवी, चक्र गोल. मग बाजूचे हँडल धरून चक्र आडवे ओढतात. चक्र अंडाकृती झाले हे कोणालाही दिसते, पण आऱ्यांचे काय होते ते दिसत नाही. समजा रुंदी उंचीच्या ४:३ केली. आडव्या आऱ्यापासून पुढचा आरा १५ अंशांवर होता, तो ११ अंशांच्या जरा वर येतो. उभ्या आऱ्याजवळची फट १५ वरून जवळपास २० अंशांवर जाते. आरे चोवीसच राहतात, पण डाव्या-उजव्या अंगाला गर्दी आणि वर-खाली ओसाड. कोपऱ्याचे हँडल धरून ओढले असते तर यातले काही झाले नसते.

चक्र खरे तर ज्या पद्धतीने काढायला हवे, ती व्हेक्टर सॉफ्टवेअरमध्ये अगदी सुरुवातीच्या धड्यांत शिकवावी अशी आहे. एक आरा काढायचा आणि तो चक्राच्या मध्याभोवती फिरवत त्याच्या प्रती करायच्या. व्हेक्टरमध्ये आरा म्हणजे मोजके बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. फिरवताना प्रत्येक बिंदूची नवी जागा कोनाच्या साइन-कोसाइनवरून हिशेबाने निघते आणि रेषा नव्या जागी ताजी काढली जाते. त्यामुळे आरा कितीही अंशांत फिरवला तरी त्याची कड पहिल्याइतकीच धारदार राहते. दोन इंची बिल्ला आणि वीस फुटी कमान एकाच फाईलमधून निघते.

कोरलमध्ये मी असे करतो. पानावर एक आडवी, एक उभी गाइडलाइन, म्हणजे मदतीची रेषा ओढतो. त्या जिथे एकमेकींना छेदतात तो चक्राचा मध्य. तिथून बाहेरचे वर्तुळ, आतले वर्तुळ आणि मधली तुंब्याची गोळी काढतो. मग एकच आरा, उभा. तुंब्यापाशी टोकदार, थोडे पुढे किंचित रुंद, आणि कडेकडे जाताना पुन्हा निमुळता. त्या आऱ्यावर एकदा क्लिक केले की आठ काळे चौकोन दिसतात, ते लहान-मोठे करण्याचे. पुन्हा क्लिक केले की कोपऱ्यांवर वाकडे बाण येतात आणि आऱ्याच्या मधोमध एक बारीक गोल ठिपका दिसतो. सगळे मर्म त्या ठिपक्यात आहे. आरा ज्याच्याभोवती फिरणार तो मध्य म्हणजे तो ठिपका. तो धरायचा आणि गाइडलाइनच्या छेदावर आणून ठेवायचा. मग ऑल्ट आणि एफ-८ दाबून रोटेटची खिडकी उघडायची, कोन १५ टाकायचा, प्रती २३ टाकायच्या आणि अप्लाय. चक्र तयार. जुन्या व्हर्जनमध्ये प्रतींचा रकाना नाही, तिथे ‘अप्लाय टू डुप्लिकेट’चे बटण तेवीस वेळा दाबायचे. आपल्याकडे बऱ्याच दुकानांत अजून जुनीच व्हर्जन चालतात, म्हणून हेही सांगितले.

प्रती २३ का, तर पहिला आरा आधीच आहे. २४ टाकले तर शेवटचा आरा बरोबर पहिल्यावर जाऊन बसतो. फ्लेक्सवर ते कळतही नाही. पण तीच फाईल रेडियम कटिंगला दिली की प्लॉटरची ब्लेड त्या एका आऱ्यावर दोनदा फिरते आणि रेडियम उचकटताना तो आरा फाटतो. मोटरसायकलच्या टाकीवर लावायची चक्रे कापणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

ठिपका हलवला नाही तर काय होते, ते नवशिक्यांच्या फाईलमध्ये पाहायला मिळते. आरा स्वतःच्याच पोटाभोवती फिरतो आणि चक्राच्या वरच्या बाजूला काट्यांचा एक गोंडा तयार होतो. मग मुले तो गोंडा सोडून देतात आणि एकेक आरा हाताने, नजरेच्या अंदाजाने लावत बसतात. मग अंतर कुठे कमी, कुठे जास्त.

इंकस्केप नावाचे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि त्यातही हे सगळे होते. तिथेही दोनदा क्लिक केले की फिरवण्याचे बाण येतात आणि मध्यावर अधिकच्या चिन्हासारखी खूण दिसते, ती ओढून हव्या जागी नेता येते. इलस्ट्रेटरमध्ये कीबोर्डवर आर दाबायचा, ऑल्ट धरून चक्राच्या मध्यावर क्लिक करायचे, १५ टाकून कॉपी म्हणायचे, आणि मग कंट्रोल-डी दाबत जायचे. दर दाबण्याला एक नवा आरा. कोरल आणि इंकस्केप या दोन्हींत कंट्रोल धरून एखादी वस्तू हाताने फिरवली तर, सेटिंग कोणी बदलले नसेल तर, ती १५-१५ अंशांच्या टप्प्यांनीच फिरते. ३६० भागिले २४ म्हणजे १५. आपल्या चक्राचा कोन सॉफ्टवेअरमध्ये आधीच बसवलेला आहे आणि तरी आपण चुकतो, याचे मला फार वाईट वाटते. इलस्ट्रेटरमध्ये शिफ्ट धरली की ४५ अंशांचे टप्पे मिळतात. अष्टांगिक मार्गाचे आठ आऱ्यांचे धम्मचक्र काढायला ते सोयीचे.

चक्राच्या कडेला, आतल्या अंगाने, दर दोन आऱ्यांच्या मधोमध एकेक छोटा उंचवटा असतो. फ्लेक्सवर तो बहुतेक वेळा गायबच असतो, किंवा आऱ्याच्या टोकावरच बसवलेला असतो. त्याची जागा आऱ्यापासून साडेसात अंशांवर. असा एक उंचवटा काढायचा, आधी ७.५ अंश फिरवायचा, आणि मग आऱ्यासारखाच १५-१५ अंशांनी पुढे न्यायचा. मी आरा आणि उंचवटा यांचा ग्रुप करून दोन्ही एकदमच फिरवतो.

आणखी एक रीत आहे, ती मला स्वतःला फार आवडते. एक आरा घ्या, त्याची एक प्रत १५ अंशांवर. दोन झाले. दोघांना मिळून ३० अंशांवर प्रत, चार झाले. चौघांची ६० अंशांवर प्रत, आठ. आता आठांची एक प्रत १२० अंशांवर आणि एक २४० वर. चोवीस. तेवीस वेळा बटण दाबायचे काम पाच वेळांत होते. मोजण्यात चूक व्हायला जागाच राहत नाही, कारण दर वेळी काय व्हायला हवे ते डोळ्यांना दिसते.

ब्रशच्या काळात आम्ही हेच दुसऱ्या अंगाने करायचो. भिंतीवर खिळा ठोकायचा, त्याला सुतळी, सुतळीच्या टोकाला खडू. वर्तुळ ओढले की सुतळीची लांबी तीच ठेवून परिघावर एकापुढे एक खुणा करायच्या. बरोबर सहा खुणा बसतात, सातवी पहिलीवर येते. त्रिज्येने वर्तुळाचे सहा भाग होतात हे भूमितीत शिकवतात, आम्हाला उस्तादांनी भिंतीवर शिकवले. मग दर दोन खुणांवरून परकाराने कंस मारून मध्य काढायचा, बारा झाले. पुन्हा मध्य, चोवीस. कोनमापक लागत नाही, पट्टी फक्त आरा ओढायला. पाडव्याच्या आधी भिंती धुऊन घेतल्या की उस्ताद आधी खिळा कुठे ठोकला ते पाहायचे, रंग नंतर. कोरलमधला तो गोल ठिपका म्हणजे भिंतीवरचा खिळाच. एवढे एक मनात बसले की सॉफ्टवेअर कोणतेही असो, माणूस अडत नाही.

पण ते मनात बसवतात कुठे? माझ्याकडे कामाला आलेली एक मुलगी सर्टिफिकेट घेऊन आली होती. टूल्सची नावे पाठ, शॉर्टकट पाठ, व्हिजिटिंग कार्ड झटक्यात करायची. एकदा तिला तीन पाकळ्यांचा लोगो करायचा होता. समभुज त्रिकोण काढला, १२० अंश फिरवला आणि विचारले, “काका, हा जागेवर का नाही बसत?” कागदावर समभुज त्रिकोण १२० अंश फिरवला तर तो स्वतःवर तंतोतंत बसतो, हे तिला ठाऊक होते. मग स्क्रीनवर तो वर का सरकला? प्रश्न अगदी योग्य होता, आणि तिला तो पडला याचाच मला आनंद झाला.

सॉफ्टवेअर फिरवण्याचा मध्य ठरवते तो वस्तूभोवतीच्या चौकटीचा मध्य. त्रिकोणाची बाजू १०० मिलिमीटर असेल तर उंची साधारण ८६.६. चौकटीचा मध्य पायापासून निम्म्या उंचीवर, म्हणजे ४३.३ वर. पण त्रिकोणाचा खरा मध्य पायापासून एक तृतीयांश उंचीवर, म्हणजे २८.९ वर. दोघांत १४.४ मिलिमीटरचा फरक. ठिपका तेवढा खाली आणला की त्रिकोण आपल्या जागी येऊन बसतो. चौरस, वर्तुळ यांच्या बाबतीत दोन्ही मध्य एकच असतात, त्यामुळे ही गोष्ट कधी लक्षात येत नाही. त्रिकोण, पाकळी, पिंपळपान, आरा घेतला की येते. मी तिला हे कागदावर काढून दाखवले. त्या दिवसापासून ती कोणतीही गोल नक्षी करताना आधी ठिपका हलवते. आज दीक्षाभूमीच्या स्टॉलसाठीच्या कमळांच्या पाट्या तीच करते आणि सोळा पाकळ्या मोजूनच पुढे जाते. पण क्लासमध्ये हे एकदा तरी सांगायला हवे होते. शहरात कोरल शिकवणाऱ्या जागा भरपूर आहेत. त्यांनी लग्नपत्रिकेच्या धड्याआधी अशोकचक्राचा धडा ठेवावा. त्यात गाइडलाइन, मध्य, कोन, प्रती, ग्रुप, सगळे एकदम येते, आणि विद्यार्थी आयुष्यभर विसरणार नाही.

दिशेबद्दलही क्लासमध्ये बोलले जात नाही. कोरलमध्ये अधिक १५ टाकले तर वस्तू घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरते, शाळेच्या कोनमापकासारखी. वेबसाइटसाठी एसव्हीजी, म्हणजे अक्षरांत लिहिलेली व्हेक्टर फाईल, हाताने लिहिणाऱ्याला मात्र अधिक १५ घड्याळाच्या दिशेने मिळतात, कारण तिथे उभा अक्ष वरून खाली मोजतात. चक्राला काही फरक पडत नाही, पण गोलाकार अक्षरे बसवताना पडतो.

मुलांनाच दोष देऊन चालणार नाही, हेही मोकळेपणाने सांगतो. फ्लेक्सचे पैसे स्क्वेअर फुटावर मिळतात. डिझाइनचे वेगळे पैसे मागितले की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. मंडळवाले येतात ते आदल्या रात्री, मोबाईलवर कुठला तरी फोटो दाखवतात, “असाच पाहिजे, सकाळी सहाला” म्हणतात. मशीनसमोर बसलेल्या पोराने चक्र काढायचे की वीस जणांचे फोटो कापून बसवायचे? फोटो एखादा राहिला तर भांडण होते, आरा राहिला तर कोणी बोलत नाही. म्हणून मी मंडळांच्या कार्यकर्त्यांना कळकळीने सांगतो, प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, येते तेव्हा आपला फोटो कुठे आहे ते पाहाल तसेच चक्रही पाहा. बोट ठेवून मोजा. वरच्या उभ्या आऱ्यापासून सुरू करा, उजव्या आडव्या आऱ्यापर्यंत सहा पावले झाली पाहिजेत. चारही भागांत सहा-सहा. एवढे जमले की चक्र बरोबर.

तिरंग्याबाबत आणखी काळजी हवी. २६ जानेवारी २००२ पासून लागू असलेल्या ध्वजसंहितेत झेंड्यावर कोणतीही अक्षरे नसावीत असे स्पष्ट आहे, आणि आपल्याकडे तिरंग्याच्या पट्ट्यांवरच शुभेच्छुकांची नावे छापतात. झेंड्याची लांबी-उंची ३:२. चक्राचे मापही ठरलेले आहे. ९०० बाय ६०० मिलिमीटरच्या झेंड्यावर चक्र १८५ मिलिमीटरचे, ४५० बाय ३०० वर ९० चे, १८०० बाय १२०० वर ३७० चे. ९०० बाय ६०० मध्ये पांढरा पट्टा २०० मिलिमीटरचा, म्हणजे चक्र पट्ट्यात मावून वर-खाली थोडी पांढरी जागा राहते. आपल्याकडे कुठे चक्र केशरी-हिरव्यात घुसलेले असते, कुठे पांढऱ्यात पाटीवरच्या टिकलीएवढे. निळ्या झेंड्यावरच्या पांढऱ्या चक्राला अशी ठरलेली मापे नाहीत. पण आऱ्यांची संख्या आणि अंतर तिथेही तेच हवे, असे मला मनापासून वाटते. तो झेंडा घेऊन खेड्यापाड्यांतून माणसे रात्रभर प्रवास करून येतात.

संपादकसाहेब, आपल्याकडे दोन मागण्या आहेत. एक, अशोक विजयादशमीच्या आठवडाभर आधी आणि पुन्हा २६ जानेवारीच्या आधी आपल्या नागपूर आवृत्तीत चक्राची मापासकट एक आकृती छापावी. मोठी, कापून दुकानात लावता येईल अशी. मध्य कुठे, आरा कसा, कोन किती, ठिपका कुठे, एवढेच त्यात असावे. फ्लेक्सवाल्या पोरांना लांब लेख वाचायला वेळ नसतो, मशीनशेजारी भिंतीवर चिकटवलेला कागद मात्र ते रोज पाहतात. दुसरी, महापालिका, सरकारी कार्यालये आणि शाळा यांच्या राष्ट्रीय सणांच्या छपाईत प्रूफ तपासणाऱ्याने चक्र तपासल्याची सही करावी, असा आग्रह आपण बातमीतून धरावा. त्याला वेगळा खर्च नाही.

या पत्रासोबत पेनड्राइव्ह पाठवत आहे. त्यात चोवीस आऱ्यांचे अशोकचक्र आणि आठ आऱ्यांचे धम्मचक्र, दोन्ही सीडीआर (कोरलची फाईल) आणि एसव्हीजीमध्ये आहेत, सगळे कर्व्ह केलेले, म्हणजे साध्या रेषांत बदललेले. ऑफिसात कोणी मागायला आले तर देऊन टाका, माझे नाव सांगायची गरज नाही. जुन्या व्हर्जनमध्ये फाईल उघडत नसेल तर एसव्हीजी इम्पोर्ट करावी. आणि ज्याला शिकायचे आहे त्याने फाईल घेऊन त्यातले तेवीस आरे पुसावे, एक ठेवावा आणि उरलेले स्वतः फिरवून पाहावे.

आपला,
एक जुना बोर्ड पेंटर,
इंदोरा, नागपूर